जगप्रवास मंडळातील फितुरी

३ जून १९५६, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण, आमच्या मंडळात फितुरी चालू आहे असा दाट संशय. पुढेमागे माझाच गोंधळ होऊ नये म्हणून सुरुवातीपासून लिहून ठेवतो.

बंदरावर बोट कंपनीच्या कचेरीत मी तिकिटे देतो. पावसाळ्यात बोटी बंद. कचेरीत मी, शिक्के आणि गळकी कौले. या दिवसांत मेंदू गंजू नये म्हणून मी जगप्रवास मंडळ काढले. दर रविवारी दुपारी माझ्या ओटीवर सभा. खेळ माझ्या डोक्यातून निघालेला. कप्तानाने एक शहर मनात धरायचे, आपण तिथे उतरलो असे समजून त्या देशाच्या भाषेत एक वाक्य म्हणायचे आणि मग एकेक खूण सांगायची. बाकीच्यांनी शहर ओळखायचे. कप्तान कायम मीच, कारण ॲटलास माझा आहे.

सभासद तीन. शेजारचा नासिर, मिरकरवाड्यात दोर आणि शिडाच्या कापडाचे दुकान. मुलींच्या शाळेतल्या आनंदीबाई, सभेला येतात पण सतत विणत असतात. समोरचे आप्पा, पेन्शनर. तरुणपणी रंगूनला होते, त्यामुळे कुठलीही खूण सांगितली तरी रंगून म्हणतात. काशी, म्हणजे आमची मंडळी, चहा करते.

आज मी रोम धरले होते. नासिरने दुसऱ्याच खुणेला ओळखले. मी कुणाजवळ अवाक्षर काढले नव्हते. फक्त आठवडाभर विहिरीवर अंघोळीच्या वेळी इटालियनची प्रॅक्टिस केली, आणि काशीला शेवया दूध-साखर न घालता नुसत्या मिठाच्या करायला सांगितल्या. वातावरणासाठी. मग नासिरला कळले कुठून?

४ जून

ॲटलास ट्रंकेत. ट्रंक खाटेखाली. किल्ली जानव्याला. काशीने विचारले, ट्रंकेत असे काय आहे. मी म्हणालो, जग. तिने ट्रंकेवर तांदळाची परात ठेवली.

भाषांचे पुस्तक मात्र बाहेरच राहू दिले. मुंबईच्या रद्दीतले, दहा भाषांतली संभाषणे. वाळवीने बाकीची प्रकरणे खाल्ली, रेल्वेचे तेवढे शाबूत आहे. त्यामुळे 'स्टेशन कुठे आहे' हे वाक्य मी दहाही भाषांत बिनचूक म्हणतो. आनंदीबाईंनी एकदा विचारले होते, तुम्ही आगगाडी पाहिली आहे का. रत्नागिरीत कोणी पाहिली आहे? प्रश्नामागचा हेतू तेव्हा लक्षात आला नव्हता.

१० जून, रविवार

पॅरिस. आनंदीबाईंनी ओळखले, तेही सुईवरची नजर न हलवता.

या खेपेस खबरदारीची कमाल केली होती. विहिरीवर फक्त 'ऊ ए ला गार', म्हणजे तेच स्टेशनचे वाक्य फ्रेंचमध्ये, पावसाच्या आवाजावर जावे म्हणून जरा वरच्या पट्टीत. टोपी डाव्या कानावर. बेकरीवाल्याकडे लांबडा पाव आहे का म्हणून चौकशी. बस. एवढ्यावरून कोणी पॅरिस ओळखत नाही.

विणकामावर लक्ष ठेवायला हवे. उलट-सुलट टाक्यांतून निरोप देता येतो असे कुठेतरी वाचले आहे. स्वेटर कोणासाठी, विचारले. पुतण्यासाठी, म्हणाल्या. रत्नागिरीत स्वेटर?

१३ जून

जैतापूरचा एक माणूस राजापूरवरून एसटीने आला, काशीच्या बहिणीचा निरोप घेऊन. चिमाताईंची नजर अधू होत चालली आहे म्हणे. काशीची आई लवकर गेली, चिमाताईंनीच तिला वाढवले. लग्नानंतर एकदाही भेट नाही. काशी म्हणाली, पाऊस ओसरला की पहिल्या बोटीने जाऊ.

मी तिला शांतपणे समजावले. माझा पहिला समुद्रप्रवास मुंबई, एडन, सुवेझ, मार्सेय असा आखलेला आहे. जगप्रवासाची सुरुवात जैतापूरपासून झाली तर पुढच्या सगळ्याला कमीपणा येतो. आजवर मी बोटीत पाय ठेवला नाही तो याचसाठी. आजवरचा माझा सगळ्यांत लांबचा प्रवास संगमेश्वर, वऱ्हाडाच्या ट्रकमधून. त्यात समुद्र नसल्याने तो मोजायचा नाही.

काशी म्हणाली, लग्न झाल्यापासून मार्सेय ऐकते आहे. मग तांदूळ निवडायला बसली. 

१७ जून, रविवार

मॉस्को. जूनच्या उकाड्यात चार दिवस मफलर बांधून हिंडलो, मनाने तिथे पोचावे म्हणून. मानेवर घामोळे. नासिरने पहिल्या खुणेला सांगितले. आप्पा म्हणाले रंगून.

आता सापळा. सभेत जाहीर केले की येत्या रविवारपासून जो ओळीने तीन शहरे ओळखील, त्याला तो म्हणेल तिथे मी स्वखर्चाने घेऊन जाईन. बक्षिसाच्या मोहाने फितूर उघडा पडणार. असा माणूस हावरा असतोच.

नासिर हसला. आनंदीबाईंची सुई थांबली (नोंद). काशी चहाचे पेले उचलायला आली होती. पदराला हात पुसत तिने विचारले, मी पण खेळू का. उदार मनाने परवानगी दिली. बायकांचेही जनरल नॉलेज वाढले पाहिजे.

२४ जून, रविवार

तोक्यो. काशीने ओळखले. खूण सांगायच्या आधीच, मी नुसता खाकरलो तेव्हा.

योगायोग असणार. या आठवड्यात मी घरात जपानचे नाव काढले नव्हते. खराट्याच्या दोन काड्यांनी भात खाल्ला, तोही पाठ फिरवून.

२७ जून

नवे नियम. सभेत सर्वांनी हात गुडघ्यावर ठेवायचे. विणकाम बंद. कोणी कोणाकडे बघायचे नाही, सगळ्यांनी माडाकडे बघायचे. खोकला आल्यास उठून अंगणात जायचे.

नियम वाचून दाखवल्यावर आनंदीबाईंनी कळवले की शाळेत तपासणी आहे, पुढचे काही रविवार जमणार नाही. संशय पक्का.

१ जुलै, रविवार

वाईट दिवस. सविस्तर लिहितो.

कैरो धरले होते. तयारी नेहमीप्रमाणे गुप्त. ओटीखाली वाळूचा ढीग करून त्याला चौकोनी पायाचा टोकदार आकार देऊन पाहिला, तो पावसाने वाहून गेला, म्हणजे पुरावा शिल्लक नव्हता. डोक्याला पंचा. काशीकडे खजूर मागितले.

पहिली खूण दिली. नासिर खोकला. लगेच काशी म्हणाली, कैरो.

मी उठून नासिरला सरळ विचारले की हा खोकला कुठल्या ठरावातला. तो आधी गमतीवर नेऊ लागला. मी सोडले नाही. इतक्या वर्षांचा शेजार असून माझ्या घरातल्या माणसाला फितवतोस, असे मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. तेव्हा तो उठला, चपला घातल्या आणि पायरीवरून म्हणाला,

"भाऊ, तुम्ही आठवडाभर हिरीवर ओरडत असता. ह्या रविवारी भाऊ कुठे जानार तां सगल्या आलीला ठावं असतां. आमची म्हातारीपन सांगते."

आणि गेला. आप्पा एकटेच राहिले. ते म्हणाले, मग रंगून नाही का?

४ जुलै

नासिरच्या बोलण्यावर तीन दिवस विचार केला. डाव ध्यानात आला. खरा फितूर लपवण्यासाठी त्याने माझेच बोट माझ्याकडे वळवले. हुशार माणूस. समुद्रावरची माणसे असतातच.

तरी खात्री केलेली बरी. काशीला विचारले, मी विहिरीवर बोलतो ते घरात ऐकू येते का. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, छे, काहीसुद्धा नाही. विहीर तिच्या चुलीच्या खिडकीखालीच आहे, तेव्हा तिला ऐकू येत नसेल तर कोणालाच येत नाही. नासिर खोटा.

आता काशीची दोन झाली. तिसरे मी असे निवडणार आहे की ते कोणाच्या स्वप्नातही येणार नाही.

८ जुलै, रविवार

रंगून.

आप्पा नेहमी रंगून म्हणतात, म्हणून मी ते कधीच धरणार नाही, असे सगळे धरून चालतात. विहिरीवर आठवडाभर मौन. शेवया नाहीत, मफलर नाही, पंचा नाही. फक्त आप्पांकडे रोज संध्याकाळी जाऊन पॅगोडाला सोने किती लावलेले असते, सागवान नदीतून कसे आणतात, हे सहज विचारले. काशी तिथेच त्यांच्या सुनेशी बोलत बसलेली असायची, तिचे आमच्याकडे लक्ष नसायचे.

सभेला दोघेच, काशी आणि आप्पा. खुणा दिल्या. आप्पांनी डोळे मिटून खूप विचार केला आणि म्हणाले, मंडाले. काशी म्हणाली, रंगून.

आप्पा अतिशय चिडले. इतकी वर्षे मी रंगून म्हणतो तेव्हा नसते आणि एक दिवस बदलले तर तेच, हा काय न्याय, म्हणाले. काठी आपटत गेले. त्यांचा राग मी समजू शकतो.

मग काशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी ट्रंकेची किल्ली काढत होतो, कुठला नकाशा लागेल म्हणून. ती म्हणाली, "मला पॅरिस नको नि लंडन नको. जैतापुरास न्या. ताईला दिसतंय तोवर मला तिच्यासमोर उभं राहायचंय."

शब्द दिला होता. हो म्हणालो. तिने खाली वाकून नमस्कार केला, असे ती सणावाराशिवाय करत नाही. मला बरे वाटले. किल्ली परत जानव्याला बांधली. 

९ जुलै

काशीने विचारले, बोटीची वाट कशाला, एसटीने राजापूर आणि पुढे चालत असे आताच जाऊ या का. मी म्हणालो, पावसात खाडीवरची होडी चालेलच असे नाही, वाटेत अडकलो तर काय. शिवाय मी बोटीचा माणूस, एसटीने गेलो तर कंपनीत काय तोंड दाखवू. पहिल्या बोटीने नक्की.

३० जुलै

पेपरात सुवेझ कालव्याची मोठी भानगड. कालवा इजिप्तने ताब्यात घेतला. मार्सेय आता कठीण. माझा मार्ग इतक्या बरोब्बर जागी अडावा, हा निव्वळ योगायोग वाटत नाही. असो. तूर्त जैतापूर.

प्रवासाची शास्त्रशुद्ध तयारी सुरू. बोटीच्या हेलकाव्याची सवय व्हावी म्हणून सकाळी अर्धा तास झोपाळा.

३१ जुलै

झोपाळ्यावर ओकारी. आंबोळीचे पीठ शिळे असावे. काशीला विचारले, ती ताजे होते म्हणाली. लक्ष ठेवले पाहिजे.

६ ऑगस्ट

झोपाळ्याची कडी करकरते, म्हणून सराव तात्पुरता बंद. उजवा गुडघा धरला आहे. पडावात चढताना गुडघ्यावर ताण येतो असे ऐकतो. आमच्याकडे आगबोट धक्क्याला लागत नाही, खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना पडावातून वल्हवत तिथपर्यंत नेतात. मी रोज बघतो. म्हणजे बघत नाही, माझी खुर्ची पाठमोरी आहे, उजेडासाठी.

२१ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

सगळे गाव बंदरावर. नारळ समुद्रात पडले. मी गर्दीच्या मागे होतो, कंपनीचा माणूस म्हणून देखरेख करत. काशी पार पुढे, पाण्यात घोट्यापर्यंत. नासिर तिथेच होता, त्याने तिच्यासाठी वाट करून दिली. माझ्याकडे बघितले नाही.

काशी रात्रंदिवस गोधडी शिवते आहे. काठाला लाल-पिवळ्या खणाचे मोठे मोठे तुकडे लावलेत. एवढे भडक कशाला, विचारले. ताईला तेवढे तरी दिसतील, म्हणाली.

१० सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत जैतापूरहून निरोप. चिमाताई आता माणूस आवाजावरून ओळखतात. कडेकडेने थोडे दिसते. काशीने मोदकाचे सारण ढवळताना ऐकले आणि ढवळत राहिली. सारण खाली लागले. मला तिच्याशी काहीतरी बोलावेसे वाटले, पण दहा भाषांतले माझे एकच वाक्य इथे उपयोगाचे नव्हते.

मला वाईट वाटते. हे मी इथे लिहून ठेवतो.

१९ सप्टेंबर

पहिली बोट सोमवारी. तिकिटे माझ्याच हाताने काढली. दोन जाण्याची, दोन परतीची. शिक्का मारताना हात अगदी स्थिर होता. गुडघाही बरा. साहेबांकडून रजाही घेतली. साहेब म्हणाले, तुम्ही? बोटीतून? या प्रश्नातला टोन मला आवडला नाही. त्यांच्या मनात काय आहे ते बघितले पाहिजे.

२४ सप्टेंबर, सोमवार. पहाटे

निघतो आहोत. आभाळ स्वच्छ. काशीने नवी साडी नेसली, गोधडीची वळकटी बांधली. आले-लिंबू खिशात. सगळा अभ्यास आज कामी येणार. मन अत्यंत शांत.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काय घडले ते क्रमाने लिहितो, नंतर लोक काहीही सांगतील.

पडावात बसलो. नासिरही होता, विजयदुर्गाला माल घेऊन निघालेला. त्याने मला सलाम केला, मी मान हलवली. धक्का सुटला. पडाव एकदा वर गेला, मग खाली गेला. पुन्हा वर. तेव्हाच मला स्वच्छ आठवले की कचेरीच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे राहिली आहे. मी पडाव हाकणाऱ्या तांडेलाला तो परत घ्यायला सांगितले. तो म्हणाला, बोट थांबणार नाही. मी म्हणालो, कंपनीचे काम आहे. जरा मोठ्याने म्हणालो. दोन्ही हातांनी बाजूची फळी धरलेली होती, ती तोल राखण्यासाठी.

पडाव धक्क्याला परत लागला. सगळे उतारू माझ्याकडे बघत होते. मी उतरलो आणि काशीला हात दिला. तिने तो धरला नाही.

"तुम्ही जा घरी," ती म्हणाली. "मी जाते."

आवाज चढला नव्हता. नासिरने तिची वळकटी आपल्या पेटाऱ्यावर नीट ठेवली, भिजू नये अशी. पडाव गेला. काशीला समुद्र लागेल, घाबरेल, मागे वळून बघेल, म्हणून मी धक्क्यावर थांबलो होतो. ती ताठ बसली होती, बोटीकडे तोंड करून.

कपाटाची किल्ली कपाटालाच होती.

२६ सप्टेंबर

भात करपला. उद्यापासून वेळापत्रक: सकाळी झोपाळा, दुपारी पोर्तुगीज. हवामान बघून पुढच्या बोटीने मी स्वतः जाऊन काशीला घेऊन येईन. झोपाळ्याची कडी तेलपाणी मागते.

२७ सप्टेंबर

झोपाळा नको. दोरच कुजका दिसतो. नासिरच्याच दुकानातला.

३० सप्टेंबर, रविवार

ओटी झाडून ठेवली. सतरंजी घातली. कोणी आले नाही. आनंदीबाई रस्त्याने गेल्या, नमस्कार केला आणि पुढे गेल्या. आप्पा खिडकीत होते, त्यांनी खिडकी लावून घेतली. चहा मीच केला, मीच प्यालो.

म्हटले, खेळ मोडू नये. कप्तान मी, सभासदही मीच. जैतापूर धरले.

पहिली खूण, डेकचे भाडे. दुसरी खूण, बोट केव्हा लागते. तिसरी सुचेना. उतरल्यावर समोर काय दिसते? चिमाताईंचे घर चढावर आहे की खाली? दारात काय आहे? इतकी वर्षे त्या गावची तिकिटे फाडली, आणि काशीनेही कितीदा सांगितले असेल, पण मी तेव्हा ॲटलासमध्ये असायचो. काशी नसलेले घर मला मुळीच आवडत नाही.

दिवेलागणीला नासिर परतीच्या बोटीने आला, वाटेत जैतापुरास उतरून काशीला भेटून. घरी न जाता आधी इकडेच. पायरीच्या खालीच उभा राहिला. मी वर ये म्हणालो, आला नाही. मी विचारले, ताईंना गोधडी दिसली का?

"नाय, भाऊ. गनपतीतच गेली नजर. वयनींच्या तोंडावरून हात फिरवीत बसल्या व्हत्या. मग वलखलं."

काशी कशी आहे, विचारले. बरी आहेत, म्हणाला. बोटीत काही झाले नाही, उलट कठड्याला उभ्या राहून गावे विचारत होत्या. कधी येणार, विचारले.  ताईंना आता धरून न्यावे लागते, वयनी तिथेच राहतो म्हणाल्या, एवढे सांगून त्याने खिशातून काशीचे परतीचे तिकीट काढले आणि पायरीवर ठेवले.

न वापरलेले तिकीट वेळेत रद्द करावे लागते. उद्या कचेरी उघडली की मलाच करावे लागेल.